मुलीला टेकडीवरच्या ‘निसर्ग सेशन’ला पाठवतोय, आता बरेच महिने झाले, त्याचा अनुभव

सोसायटीतले, ऑफिसातले, लेकीच्या मैत्रिणींचे आईबाबा, जो भेटेल तो विचारतो की ते टेकडीवालं कसं आहे हो, आमच्याला पाठवू का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाहीये, काही गोष्टी फार आवडल्यात आणि काहींवर अजून डोकं फिरतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. लेक गेल्या वर्षी अकरावी सायन्सला, वर एंट्रन्सचा क्लास. गणपतीनंतर तिचं काहीतरी बिनसलं. आधी क्लास बुडायला लागला, मग जेवणाचं ताट खोलीत, मग रात्रभर जागी आणि दुपारी दोनला उठणार. आजी म्हणे दृष्ट लागली, मोठे काका म्हणे मोबाईल काढून घ्या, सुतासारखी सरळ येईल. एके दिवशी आईशी बोलता बोलता सहज म्हणावं तसं म्हणाली, "सकाळी जागच नाही आली तर किती बरं होईल." त्याच आठवड्यात सायकिएट्रिस्ट गाठला. गोळ्या सुरू झाल्या, काउन्सेलिंग सुरू झालं. गोळ्यांनी जेवण आणि चिडचिड बऱ्यापैकी लायनीवर आली, पण काउन्सेलरसमोर खुर्चीत बसवलं की पोरगी तोंडाला कुलूप लावून टाइल्सकडे बघत बसायची. शेवटी डॉक्टरच म्हणाले, याच्या जोडीला घराबाहेरचं काहीतरी बघा. जोडीला, बदल्यात नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि ते मी पण इथे दोनदा सांगणार आहे.

तर दिवाळीनंतर हे जॉइन केलं. दर शनिवारी सकाळी साडेसहाला वेताळ टेकडीवर, आठ-दहा मुलं, तेरा ते अठरा वयाची, सोबत एक सायकॉलॉजिस्ट ताई आणि एक झाडापक्ष्यांची माहिती असलेला दादा. वर चढायचं, दोघं-तिघं मिळून चालायचं, मग प्रत्येकाने आपली एक जागा ठरवून तिथे वीस मिनिटं एकटं बसायचं, प्रत्येक वेळी तीच जागा, फोन ताईकडे. नंतर वहीत काय वाटेल ते लिहायचं किंवा काढायचं, दाखवायची सक्ती नाही. उन्हाळ्यात पाण्याचे कॅन वर नेऊन रोपांना पाणी घालणं, अधूनमधून घाणेरीची झुडपं उपटणं, झालं. ऐकून मला वाटलं ह्याचे महिन्याला चार हजार? टेकडीवर तर अर्धं पुणं रोज फुकट जातं.

पहिले काही शनिवार निव्वळ युद्ध. साडेपाचला उठवायचं म्हणजे घरात आदळआपट, गाडीत कानात इअरफोन, परत आल्यावर "काही नाही, बसलो" एवढंच. फरक सगळ्यात आधी झोपेत दिसला. डॉक्टरांनी नंतर समजावलं की या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे सरकलेलं असतं, आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर पडणं आणि उठायची वेळ पक्की असणं या दोन गोष्टी ते मागे खेचायला मदत करतात. शनिवारचं बघून आम्ही बाकीच्या दिवशी पण तिला सातला गच्चीत चहा घेऊन बसवायला लागलो. हे फुकट आहे, कुठल्याही ग्रूपशिवाय होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तिची जागा म्हणजे जुन्या खाणीच्या अलीकडे एक वाकडा पळस. फेब्रुवारीत एकही पान नाही आणि झाड नुसतं केशरी, त्यावर पक्ष्यांची ही झुंबड, त्याचे फोटो तिने सेशन संपल्यावर फॅमिली ग्रूपवर टाकले, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःहून काही टाकलं होतं. पण मला जे खरं वाटलं ते एप्रिलमधलं. टिटवीने पायवाटेच्या जवळ, मुरमात, उघड्यावर अंडी घातली होती. "बाबा, दगडाचाच रंग असतो त्यांना, पाय पडेल तरी कळणार नाही," हे जेवताना सांगितलं, टीव्ही बंद करून. पोरांनी आपली वाट बदलून घेतली. आणि पुढच्या शनिवारी एक काका कुत्रा मोकळा सोडून तिकडे निघाले तर आमची लेक, जी डिलिव्हरीवाल्यासाठी दार उघडायला तयार नसायची, त्यांना आडवी गेली आणि पट्टा लावा म्हणाली. काका भडकले, पुण्यातले काका आहेत, भडकणारच. ही मागे हटली नाही. हे मला ताईने सांगितलं, हिने नाही.

ताईचं म्हणणं असं की चालताना दोघांचे डोळे समोरच्या वाटेवर असतात, कुणी तोंडाकडे बघत नाही, मधेच गप्प झालं तरी अवघडायला होत नाही, म्हणून मुलं बोलतात. मला हे पटलं. आमच्या घरातली महत्त्वाची बोलणी पण स्कूटरवरच होतात. दुसरं ती म्हणते ते मिशिगन विद्यापीठाच्या रेचल आणि स्टीफन कॅपलन यांचं, की अभ्यास, स्क्रीन, ट्रॅफिक यात आपण लक्ष जबरदस्तीने लावून धरतो आणि ते थकतं, पानं हलताना किंवा मुंग्यांची रांग बघताना लक्ष आपोआप गुंततं आणि त्या थकलेल्याला विश्रांती मिळते.

आता संशोधनाचं. यांच्या ब्रोशरवर मोठ्या अक्षरात "आठवड्यात १२० मिनिटं निसर्गात" असं आहे. मी शोधून वाचलं. २०१९ चा इंग्लंडमधला अभ्यास आहे, साधारण वीस हजार लोकांचा, आणि आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, इतकंच. ती सगळी मोठी माणसं, आणि बरं वाटतं म्हणून बाहेर पडतात की बाहेर पडल्याने बरं वाटतं हे त्यातून कळत नाही. स्टॅनफर्डचा २०१५ चा एक आहे, नव्वद मिनिटं गवताळ, झाडीच्या भागात चालल्यावर तेच तेच नकारात्मक विचार घोळवणं कमी झालं, रहदारीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांचं नाही. तो पण ३८ निरोगी लोकांवर. डेन्मार्कचा मात्र मोठा आहे, नऊ लाखांहून जास्त लोकांचा डेटा, लहानपणी सगळ्यात कमी हिरवळीत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजाराचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत जास्त दिसला. म्हणजे गोष्ट हवेतली नाही, पण "डिप्रेशन मुळापासून घालवा" असं लिहायला यातलं एकही पुरत नाही, आणि यांनी ते लिहिलंय.

इथून माझ्या तक्रारी सुरू. ॲडमिशन फॉर्मवर ब्लड ग्रूप विचारला, पोहता येतं का विचारलं, गोळ्या चालू आहेत का हे नाही विचारलं. आम्हीच वेगळ्या कागदावर डॉक्टरांचं नाव, डोस, सगळं लिहून दिलं. मार्चमध्ये एका व्हॉलंटियरने मुलांसमोर "आता झाडंच तुमचं औषध, गोळ्या सोडून बघा" असं ज्ञान पाजळलं. लेकीने घरी येऊन विचारलं की बंद करू का. मी त्याच संध्याकाळी फोन करून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मुलगा नंतर दिसला नाही, ताईने डॉक्टरांना स्वतः फोन केला, एवढं क्रेडिट देतो. अशा गोळ्या आपल्या मनाने अचानक बंद केल्या की त्रास होतो, कमी करायच्या तर डॉक्टर हळूहळू कमी करतात.

दुसरं, निवासी कॅम्प. मुळशीकडे तीन दिवस, वेगळे पैसे, आणि ते शनिवारच्या कित्येक महिन्यांच्या फीइतके. फोन जमा, ठीक आहे. पण दुसऱ्या रात्री तिला घाबरल्यासारखं झालं, आईशी बोलायचं होतं, तर "सकाळी बघू, हाच तर चॅलेंज आहे" म्हणून लावू दिला नाही. घाबरलेल्या पोरीला आईशी बोलू न देणं यात कसली थेरपी? अमेरिकेत ‘वाइल्डरनेस थेरपी’ नावाखाली मुलांना जंगलात आठवडेच्या आठवडे ठेवायचा मोठा धंदाच आहे, तिथे नॉर्थ कॅरोलिनात २०२४ च्या फेब्रुवारीत बारा वर्षांचा मुलगा अशा कॅम्पात पहिल्याच रात्री दगावला, नंतर राज्याने त्यांचं लायसन्स काढून घेतलं. आपल्याकडचं इतकं टोकाचं नाही, मान्य. पण घरी फोन कधीही करता येईल हे लेखी घेतल्याशिवाय मुक्कामी पाठवू नका.

आणि सायकॉलॉजिस्ट म्हणजे नक्की कोण ते विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, मागितला की द्यायला हवा. आमच्या ताईने हसत दिला. फॉरेस्ट थेरपी गाइडची सर्टिफिकेटं खासगी संस्था देतात, वाईट नाहीत, पण त्यावर आजार हाताळता येत नाही. मूल मरण्याबद्दल बोलत असेल तर टेकडी-बिकडी नंतर, आधी डॉक्टर. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर सरकारची टेली-मानस आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

एक बोनस, ज्याचं ब्रोशरात नाव नाही. खाली टपरीवर थांबणारे आम्ही आईबाप. सुरुवातीला सगळे आपापल्या मोबाईलमध्ये, कुणी चुकून "तुमचा कुठल्या क्लासला?" विचारलं की बाकी चिडीचूप. मग एका चिंचवडच्या बाबांनी सरळ सांगितलं की माझा मुलगा दोन महिने आंघोळीला पण उठत नव्हता. त्यानंतर चहाचे पैसे कोण देणार यावरून भांडण्याइतकी ओळख झाली. डॉक्टर कुठला, कॉलेजात अटेंडन्ससाठी सर्टिफिकेट कसं द्यायचं, आजी-आजोबांना काय सांगायचं, हे सगळं मला तिथेच कळलं.

आत्ताची स्थिती: गोळ्या चालू, डोस डॉक्टरांनी कमी केलाय. काउन्सेलरकडे आता बोलते, कधी कधी वही घेऊन जाते. वाईट दिवस येतात, जूनमध्ये कॉलेज सुरू होताना आठवडाभर पुन्हा खोलीत होती, पण शनिवारी आपली आपण उठली, पाऊस असूनही. बारावीच्या क्लासने आता टेस्ट नेमकी शनिवारी सकाळीच लावलीय. सर म्हणतात वर्ष वाया जाईल. आम्ही ती टेस्ट रविवारी मागितलीय, नाही दिली तर टेस्ट सुटेल. टेकडीची पुढच्या सहा महिन्यांची फी भरलीय, कॅम्पच्या रकान्यात ‘नाही’ लिहून.