शिंगांसाठी साधंच डोकं बरं: १/१० रेझिन बस्ट, काही महिन्यांनंतर

मला हवा होता रानाची राखण करणारा, हरणाची शिंगं फुटलेला दाढीवाला म्हातारा, बस्ट म्हणजे डोक्यापासून छातीपर्यंतच्या छोट्या पुतळ्याच्या रूपात. असली पात्रं जोडून रंगवायच्या तयार किटमध्येही मिळतात. तरी मी घेतला १/१० मापाचा, म्हणजे खऱ्या माणसाच्या एक दशांश, साधा व्हायकिंग: डोकं उघडं, अंगावर लोकरी झगा, बाकी काही नाही. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं नव्हतीच. ती कल्पना रुजली १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला झालेल्या ऑपेराच्या वेशभूषेमुळे. त्यामुळे इतिहासाशी इमान राखणाऱ्या किटमध्ये कपाळ मोकळं मिळतं आणि ड्रिलला जागा राहते!

फँटसी किट जितकं देखणं, तितका त्याला करवत लावायला हात धजत नाही. शिवाय प्रत्येक सेंटीमीटरवर खवले, पट्टे, नक्षी. एक तुकडा कापला की शेजारची नक्षी पुट्टीत पुन्हा कोरत बसा.

मापाबाबत मी हट्टी आहे. १/१० मध्ये हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २३ मिलिमीटर मिळतात. भुवई जाड करणं, कान टोकदार करणं तेवढ्यात जमतं. त्याहून लहान डोक्यावर माझी तरी पुट्टी नुसती लिंपली जाते.

किट साच्यात ओतलेल्या पॉलियुरेथेनचं आहे. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुतलं, कारण साच्याचं तेलकट अस्तर राहिलं तर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, सोलून निघतो. वाकडी आलेली झग्याची कड गरम पाण्यात धरून सरळ केली. थ्रीडी प्रिंट केलेल्या एका बस्टवर मी हेच करू पाहिलं, तर कड कट्कन तुटली. प्रिंटमध्ये बारकावे सुरेख येतात, पण सगळीच प्रिंट रेझिनं वाकवून घेत नाहीत. दोन्ही प्रकारांत घासकाम ओल्या पॉलिशपेपरनेच आणि मास्क लावूनच. ती धूळ फुप्फुसात जायला नको.

शिंगांचा सांगाडा पिळलेल्या तांब्याच्या तारेचा, वर दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी. तारेचं टोक पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) पाडलेल्या भोकात खोलवर बसवलं. नुसत्या सुपरग्लूवर ही शिंगं टिकली नसती. आषाढातल्या दमट हवेत स्प्रे प्रायमर टाळून ब्रशने लावायचा घेतला. एवढे महिने झाले, उन्हाळाही गेला, घरी येणारं प्रत्येक पोर शिंगाला हात लावतंच, पण सांध्यावर केसभरही चीर नाही.

एकच कुरकुर आहे. दाढी छातीला जोडूनच ओतलेली, त्यामुळे मान वळवता येत नाही. म्हातारा सरळ समोरच बघतो, मला तो झाडाकडे बघणारा हवा होता. खोक्यावरचा रंगवलेला फोटो बघून हे कळत नाही. विक्रेत्याकडून सुट्या भागांचा फोटो मागवा आणि गळ्याचा सांधा दाढीच्या खाली आहे की मधून जातो, तेवढं पैसे भरण्याआधी बघून घ्या.