उंदीर पळवणारी तीन यंत्रं आणि पावणेचारशे डॉलर

एप्रिलमध्ये ट्रेलरचं दार उघडलं तेव्हा आधी वास आला. मिरजेला आमची पिठाची गिरणी होती. तिच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागे यायचा तोच वास, उंदराच्या मुताचा. इतक्या लांब मिशिगनमध्ये तो असा चटकन ओळखू येईल असं वाटलं नव्हतं. नवरा मागे पायरीवर उभा होता. "काय गं?" म्हणाला. मी म्हटलं, "गेले पैसे."

कुठले पैसे ते सांगते, म्हणजे तुमचे तरी वाचतील.

आमचा ट्रेलर बावीस फुटी, सेकंडहँड घेतलेला. गाडीमागे ओढायचं छोटं घरच ते: ओटा, पलंग, मोरीएवढं न्हाणीघर आणि बटण दाबलं की बाहेर सरकणारी एक भिंत, तिला स्लाइड-आउट म्हणतात. उन्हाळ्यात स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांपासून वर अप्पर पेनिन्सुलापर्यंत हिंडतो. ऑक्टोबर आला की टाक्यांतलं पाणी काढायचं, नळांत थंडीत न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीज भरायचं आणि ट्रेलर भाड्याच्या आवारात उभा करायचा. आवार उघडं आहे, तिन्ही बाजूंना मक्याची शेतं. मका कापला की शेतातल्या उंदरांचं छप्परच जातं, आणि शेजारीच थंडी पडायच्या आत रिकामी घरं रांगेनं उभी असतात.

फाटकावर एका माणसाचा बोर्ड होता. हिवाळ्यासाठी उंदीरबंदी, एक वर्षाची गॅरंटी. फोन केला तर तासाभरात हजर. गोड बोलणारा माणूस, ट्रेलरखाली गुडघ्यावर बसून टॉर्च मारतोय, मान हलवतोय. "तुमच्याकडे चौदा भोकं आहेत," म्हणाला. आम्ही दोघांनी खाली वाकून पाहिलंही नाही. चिखल होता, माझ्या अंगात चांगला कोट होता. माझी चूक इथंच झाली, बाकीचं सगळं त्यातून निघालं.

त्याच्या पॅकेजमध्ये काय होतं? सगळी भोकं बुजवणं, पेपरमिंट तेलाच्या पुरचुंड्या आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज करून उंदरांना पळवणारी तीन यंत्रं. कार्डानं सव्वाचारशे डॉलर, रोख दिले तर पावणेचारशे. मी रोख दिले. पन्नास डॉलर वाचवले म्हणून त्या दिवशी स्वतःवर खूशसुद्धा होते. कार्डानं दिले असते तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवायचा प्रयत्न तरी करता आला असता. रोखीला मागेपुढे कोणी नाही.

संध्याकाळी त्यानं फोनवर सहा फोटो पाठवले. पिवळ्या फोमनं भरलेली भोकं, पाइपाभोवती फुगलेला फोम, सगळं नीटनेटकं. मी ते आईला पाठवले. आई गिरणीवर तीस वर्षं बसलेली बाई. तिनं फोटो पाहिले नाहीत, यंत्राचं ऐकलं आणि म्हणाली, "उंदीर आवाजाला भितो होय गं? आपल्या गिरणीत दिवसभर पट्टा खडखडायचा, उंदीर काय कमी होते का?" मी तिला समजावलं, की आई, हा वेगळा आवाज असतो, अल्ट्रासोनिक. "असेल बाई," म्हणाली.

आईचं बरोबर होतं. हा आवाज भिंतीतून जात नाही, गादीमागे पोचत नाही, थोड्या अंतरावर क्षीण होतो, आणि उंदीर त्याला सरावतातही. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या इथल्या सरकारी फेडरल ट्रेड कमिशननं २००१ साली अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा लागेल. हे मला कळलं ते एप्रिलनंतर. यंत्रं मात्र अजून दुकानादुकानांत लटकलेली दिसतात.

पण समजा यंत्र खरंच चालत असतं, तरी ते कशावर चालणार? आवारात वीजजोडणी नाही. त्या पठ्ठ्यानं तिन्ही यंत्रं ट्रेलरच्या बॅटरीला थेट जोडली होती, आणि तीही बॅटरीची जोडणी तोडायचं बटण वगळून, म्हणजे आम्ही बटण बंद केलं तरी यंत्रं चालूच. तिघांना मिळून पाव ॲम्पियर लागतो असं डब्यावरच लिहिलेलं निघालं. दिवसाला सहा ॲम्पियर-तास, आणि आमची बॅटरी ऐंशीची. दुसरीतल्या पोराला घाला हिशोब: पंधरवडाही नाही. नोव्हेंबर सरायच्या आत यंत्रं मुकी झाली असणार. शिवाय भरलेली बॅटरी इथली थंडी काढते, उतरलेली मात्र शून्याखाली पाच-सात अंशांतच गोठायला लागते. आमची फुगून कडेनं तडकली होती. म्हणजे उंदीर तर आलेच, वर बॅटरी गेली.

आत काय होतं ते फार सांगत नाही. पलंगाखालच्या खणात मुलाच्या निळ्या स्वेटरचं घरटं, गादीचा कोपरा पोखरलेला, सिंकखाली वायरींचं आवरण सोललेलं, तांबं उघडं. पेपरमिंटच्या एका पुरचुंडीचं कापड फाडून तेही घरट्यात अंथरलेलं. हे पाहून मला हसू आलं, खरंच.

मी सवयीनं झाडू उचलला. नवऱ्यानं हात धरला, आणि बरं केलं. इथं शेतात आणि रानात डिअर माइस नावाचे उंदीर असतात, वरून तपकिरी, पोट आणि पाय पांढरे. त्यांच्या लेंड्या-मुतातून हंटाव्हायरस पसरू शकतो. सुकलेली घाण झाडली की धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. फुप्फुसांचा आजार झाला तर दहातले जवळपास चार जण दगावतात. मिशिगनमधला पहिला नोंदलेला रुग्ण २०२१ चा, वॉशटेनॉ काउंटीतली एक बाई, रिकामं पडलेलं उंदराळ घर साफ करताना तिला लागण झाली असावी असं आरोग्य खात्यानं सांगितलं होतं. कॅलिफोर्नियात योसेमिटीला २०१२ मध्ये दहा जणांना झाला, तिघे गेले. त्यातले बहुतेक ज्या तंबूंत राहिले होते त्यांना थंडीसाठी दुहेरी भिंती होत्या, आणि त्या दोन थरांमध्ये उंदरांनी घर केलं होतं. आमच्या ट्रेलरची भिंत तरी काय वेगळी आहे? दोन पातळ थर आणि मध्ये मऊ भरण.

म्हणून दारं-खिडक्या उघडून आधी बाहेर थांबलो. रबरी हातमोजे घातले. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, घाणीवर ओलंचिंब होईपर्यंत मारलं, पाच मिनिटं मुरू दिलं आणि कागदानं उचलून पिशवीवर पिशवी बांधली. झाडू नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही. दोन शनिवार गेले.

दुसऱ्या शनिवारी मी जुना कोट घालून, पुठ्ठा अंथरून ट्रेलरखाली शिरले. हातात त्याचे फोटो. पहिल्या फोटोत गॅसची पिवळी नळी ट्रेलरखालच्या लोखंडी चौकटीच्या डावीकडून वर जाते, आमची उजवीकडून. दुसऱ्यात चौकट पांढरी, आमची काळी. सहाही फोटो दुसऱ्याच कुणाच्या ट्रेलरचे! आमच्या खाली फोम होता फक्त एका ठिकाणी, पायरीजवळ, उभ्यानं दिसेल तिथं. आणि त्यातून अंगठा जाईल एवढं गोल भोक आरपार कुरतडलेलं.

फोन केला. आधी "येतो" म्हणाला, मग फोटो मागितले. पाठवले. एका फोटोत स्लाइड-आउटच्या सांध्यात भडंगाचा एक दाणा दिसत होता. तेवढ्यावर त्यानं पावतीच्या मागचं वाक्य दाखवलं: आत अन्नाचा कण आढळल्यास गॅरंटी रद्द. जयसिंगपूरहून काकूनं प्रेमानं पाठवलेल्या भडंगानं माझे पावणेचारशे डॉलर खाल्ले. विम्याकडे गेलो तर उंदरांचं नुकसान पॉलिसीत धरलेलंच नव्हतं. बहुतेक पॉलिसींत नसतं, तुमची उघडून पाहा. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे सरकारी मुख्य वकिलाच्या, ग्राहक विभागाकडे त्याच्या सहा आणि आमच्या सहा फोटोंच्या जोड्या लावून तक्रार दिली आहे. आवाराचा मालक म्हणाला, बोर्डाचं भाडं घेतो, बाकी मला माहीत नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगते. अंधार पडल्यावर नवरा आत प्रखर दिवा घेऊन सिंकखाली, पलंगाखाली फिरवतो, मी बाहेर खाली पडून उजेड कुठून गळतो ते खडूनं खुणावते. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून, साधारण सहा मिलिमीटर, उंदीर आत येतो. आम्हाला एकवीस सापडली. सगळ्यात मोठं होतं ते विजेची जाड वायर बाहेर ओढायच्या झाकणाचं, त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. मग गॅसची नळी, मोरीचा पाइप, स्लाइड-आउटचे कोपरे. तांब्याच्या जाळीचा बोळा स्क्रूड्रायव्हरनं घट्ट ठासायचा आणि वरून सीलंट. नुसता फोम नको, तो उंदीर कुरतडतो. लोखंडी तारेचा बोळा स्वस्त पडतो पण पावसानं गंजून गळतो. हीटरच्या हवेच्या भोकांना बारीक जाळी, पण हीटर लावायच्या आधी ती हवा अडवत नाही ना हे बघायचं. डांबरगोळ्यांच्या वाटेला जाऊ नका. बंद जागेत तो वास माणसाला बाधतो, गादीतून वर्षभर जात नाही, आणि इथं लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा वेगळ्या कामाला त्या वापरणं बेकायदा आहे. खर्च सगळा मिळून साठ डॉलरच्या आत आला.

आणि साधे लाकडी सापळे, आत चार, बाहेर चाकांपाशी झाकणाच्या डब्यात चार. दर दुसऱ्या रविवारी चक्कर. परवा गेलो तर बाहेरचे दोन पडलेले, आतले चारही जसेच्या तसे.

शेजारच्या ट्रेलरवर त्या माणसाचा नवा स्टिकर होता. त्यातली म्हातारी बाई सामान काढत होती. मी जाऊन तिला विचारलं, कामाचे फोटो पाठवले का त्यानं? पाठवले, म्हणाली, आणि फोन काढून दाखवले. पिवळी नळी, पांढरी चौकट. माझ्या फोनमधले सहाच्या सहा.