क्लब कुठला धरावा: पेठेतला, टीव्हीवरचा की शहरातला?

वर्ल्ड कप संपला की दर वेळी काही जणांची पंचाईत होते. महिनाभर जागरणं करून फुटबॉलची गोडी लागलेली असते आणि आता पुढे काय बघायचं ते कळत नाही. अर्जेंटिना आणि ब्राझील पुन्हा वर्ल्ड कपला भेटणार चार वर्षांनी. क्लबांचं फुटबॉल मात्र जवळजवळ वर्षभर चालतं. त्यामुळे हा नाद ज्याला कायमचा लावून घ्यायचा आहे, त्याला एक क्लब लागतोच.

आपल्याकडे क्लब तीन वाटांनी मिळतो. एक जन्माने, कोल्हापूरच्या पेठांत मिळतो तसा. दुसरा टीव्हीवरून: मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, बार्सिलोना. तिसरा तिकीट काढून: मुंबई सिटी, एफसी गोवा. तिन्हींचं सुख वेगळं आणि त्रासही वेगळा. माझं मत आधीच सांगून टाकते. मॅच कुणाशेजारी बसून बघणार हे आधी ठरवलं, तर क्लब टिकतो. कपाटातले कप मोजून धरलेला क्लब सहसा टिकत नाही.

पेठेचा क्लब

कोल्हापुरात क्लब निवडण्याचा प्रश्नच येत नाही. "कुठल्या पेठंतला?" या एका प्रश्नात सगळं येतं. शाहू महाराजांच्या काळात कुस्तीला बळ मिळालं, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, आणि पुढे फुटबॉल आला तो या तालमींच्या आधारानेच वाढला. संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. तालमीचा गणपती, तालमीची वर्गणी आणि तालमीचा फुटबॉल संघ हे सगळं एकाच घरचं. लहानपणी ज्या मंडळाच्या गणपतीपुढे नाचलात, त्याच मंडळाच्या संघासाठी मोठेपणी घसा बसतो.

माझं आजोळ शिवाजी पेठेतलं, त्यामुळे राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या मला मामाने दाखवल्या. तिथे पहिल्यांदा बसणाऱ्याला सर्वात आधी जाणवतं ते हे, की प्रेक्षक खेळाडूंना घरच्या नावाने हाका मारतात. बॅक, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, जरा सुस्तावला की मागून आवाज येतो, "अरं, दूध घालताना पळतोस तसा पळ की!" आणि तो पोरगा खरंच वळून बघतो. युरोपातल्या कुठल्याही मोठ्या स्टेडियमवर हे मिळणार नाही. वरच्या गटात सोळा संघ, हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, आधी लीग आणि मग एकामागून एक कप स्पर्धा. अलीकडे संघांत आफ्रिकेतून आलेले खेळाडूही दिसतात, आणि महिन्याभरात पेठेतली पोरं त्यांनाही आपल्यातलंच एक मानायला लागतात. 2017 साली भारतात 17 वर्षांखालील वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

आता दुसरी बाजू. ईर्षा हा कोल्हापूरच्या फुटबॉलचा प्राण आहे आणि दुखणंही तेच. दोन मोठ्या तालमींची मॅच असली की पोलीस बंदोबस्त लागतो, गॅलरीत शिवीगाळ होते, कधी प्रकरण दगडफेकीपर्यंतही जातं. गॅलरीत बायका अजून कमीच दिसतात आणि त्याचं कारण हेच आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या शहरात पोरीही उत्तम फुटबॉल खेळतात, तिथे मोठ्या मॅचला बायकांनी घरी बसावं हे बरं नाही. मुलांना घेऊन जायचं असेल तर कप फायनलपासून सुरुवात करू नका. लीगमधली साधी मॅच बघा. खेळ तोच असतो आणि शेजारचे लोक निवांत बोलायला मोकळे असतात.

नोकरी-शिक्षणासाठी कोल्हापुरात आलेल्यांनी काय करावं? ज्या पेठेत भाड्याने राहता, तिचा संघ धरा. दोन महिने वर्गणी दिलीत आणि चार मॅचला आलात, की कुणी तुमचं मूळ गाव विचारत नाही.

टीव्हीवरचा क्लब

मुंबई-पुण्यातल्या माझ्या पिढीचा क्लब केबलवाल्याने ठरवला, असं म्हटलं तरी चालेल. इंग्लंडची प्रीमियर लीग 1992 साली सुरू झाली आणि नव्वदच्या दशकातच ती आपल्या घरात पोचली. त्या वर्षांत जो जिंकत होता, तो आपला झाला. 1999 मध्ये मँचेस्टर युनायटेडने एकाच हंगामात लीग, इंग्लंडचा एफए कप आणि युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीग घेतली, आणि आपल्याकडे लाल जर्सी दिसू लागल्या. 2003-04 मध्ये आर्सेनल अख्खी लीग एकही मॅच न हरता जिंकलं, तेव्हा बारावीत असलेली पोरं आज चाळिशीकडे झुकलीत आणि अजून आर्सेनलचीच आहेत. 2005 ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलला लिव्हरपूल मध्यंतराला तीन गोलांनी मागे होतं आणि तरीही कप घेऊन गेलं. त्या एका रात्रीने महाराष्ट्रात किती लिव्हरपूलवाले तयार केले असतील!

पण पुढे काय झालं बघा. युनायटेडने विसावी लीग 2013 मध्ये जिंकली, आणि त्यानंतर दहा वर्षं उलटली तरी एकविसावी आली नाही. आर्सेनलच्या लोकांनी 2004 नंतर वीस वर्षं लीगविना काढली. इस्तंबूल बघून लिव्हरपूलकडे आलेल्यांना लीगसाठी 2020 उजाडावं लागलं. आणि आज ज्यांच्याकडे नवी मुलं धावतात ते मँचेस्टर सिटी 1998-99 मध्ये चक्क तिसऱ्या पातळीवर खेळत होतं. म्हणजे जिंकणारा क्लब बघून धरलात, तरी हरण्याची वर्षं तुमच्या वाट्याला येणारच. तेव्हा टिकले कोण? माझ्या ओळखीत तरी तेच टिकले, ज्यांचा पाच-सहा जणांचा एक कट्टा होता, जे दर शनिवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमत आणि हरल्यावर एकत्र उपाशी झोपत. एकट्याने मोबाइलवर बघणारे दोन-तीन हंगामांत गळाले.

टीव्हीवरच्या क्लबाला एक मोठी सोय आहे, तीही मान्य करायला हवी. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचं थेट प्रक्षेपण करायला मनाई आहे. लोकांनी घरात न बसता आपल्या गावातल्या छोट्या क्लबाच्या मैदानावर जावं, यासाठी हा जुना नियम ठेवलेला आहे. त्यामुळे दुपारी तीनची मॅच मँचेस्टरमधल्या माणसाला घरी टीव्हीवर दिसत नाही, आणि सांगलीतल्या माणसाला उन्हाळी वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसातला, हिवाळ्यात साडेआठला, जेवताजेवता दिसते. चॅम्पियन्स लीगला मात्र रात्रीचे साडेबारा किंवा दीड वाजतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं.

याच वाटेची एक उपवाट म्हणजे खेळाडू धरणं. मेस्सीसाठी बार्सिलोना, रोनाल्डोसाठी रेआल माद्रिद. ही वाट मी कुणाला सुचवणार नाही. रोनाल्डो 2018 मध्ये युव्हेंटसला गेला, मग परत युनायटेड, मग सौदीतलं अल नासर. मेस्सीने 2021 मध्ये बार्सिलोना सोडलं. खेळाडूच्या मागे जाणाऱ्याला दर तीन वर्षांनी नवी जर्सी आणि नवे शत्रू. 22 ऑक्टोबर 2025 ला अल नासर एफसी गोव्याविरुद्ध खेळायला गोव्यात फातोर्ड्याला आलं, पण रोनाल्डो आलाच नाही. त्याच्यासाठी तिकीट काढलेल्यांचा हिरमोड झाला. एफसी गोव्याची माणसं मात्र 2-1 हरूनही वेगळंच काही घेऊन घरी गेली, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसने अल नासरवर गोल मारला होता.

शहराचा क्लब

मुंबई सिटी आणि एफसी गोवा हे दोन्ही क्लब 2014 साली आयएसएलबरोबर, म्हणजे इंडियन सुपर लीगबरोबर जन्मले. सुरुवातीला मलाही हे सगळं वरून आणून ठेवल्यासारखं वाटायचं: मालकांत रणबीर कपूर, मैदानात कारकिर्दीच्या शेवटाला आलेले आनेल्का आणि फोर्लान. पण क्लब जुना व्हायला शंभर वर्षं लागत नाहीत, दोन-चार जखमा पुरतात. 24 एप्रिल 2024 ची उपांत्य फेरीतली पहिली मॅच घ्या. फातोर्ड्यात गोवा 2-0 ने पुढे होतं आणि नव्वदावं मिनिट लागलं होतं. तिथून सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल मारले, त्यातले दोन मुंबईच्या छांगतेचे. मुंबई 3-2 ने जिंकली आणि पुढे कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून कपही घेऊन आली. ती रात्र ज्या गोंयकाराने स्टेडियममध्ये काढली, त्याला आता दुसरा क्लब धरता येणार नाही.

मुंबई सिटीचं अंधेरीचं मैदान छोटं आहे, जेमतेम सात हजारांच्या आसपासचं, आणि खरी गंमत त्यातच आहे. टचलाइन, म्हणजे मैदानाची कडेची रेषा, इतकी जवळ की बूट चेंडूवर बसल्याचा आवाज ऐकू येतो, आणि कोच काय ओरडतोय तेही. मेट्रोने आझाद नगरला उतरून चालत जाता येतं. वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, म्हणजे मुंबई सिटीचे कट्टर चाहते, पूर्ण नव्वद मिनिटं गातात. पहिल्यांदा गेलात तर त्यांच्या जवळपास बसा, शब्द दुसऱ्या हाफपर्यंत पाठ होतात. आणि कोल्हापूरच्या गॅलरीत मला जे खटकतं ते इथे नाही. आया लेकींना घेऊन येतात.

या वाटेवरचा धोकाही सांगायला हवा. आपल्याकडे क्लब बंद पडतात. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. कूपरेजवर त्यांचे जिवाभावाचे प्रेक्षक होते, आणि 2011 मध्ये तो संघच राहिला नाही. पुणेकरांच्या वाट्याला तर हे पुन्हा पुन्हा आलं. पुणे एफसी गेला, आणि 2014 ला सुरू झालेला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये संपला. बालेवाडीत भगवे शर्ट घालून येणाऱ्यांना कुणी विचारलंही नाही. गोव्यात पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो, तसेच साळगावकर आणि स्पोर्टिंग 2016 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. जुलै 2025 मध्ये तर आयएसएलचा पुढचा हंगामच स्थगित झाला. तालीम अशी बंद पडत नाही, कारण तिला पेठ पोसते. मालकाने चालवलेला क्लब मालकाच्या मर्जीवर राहतो. धरताना हे माहीत असावं.

मग कुणी कुठला धरावा?

खर्चाचं आधी. शाहू स्टेडियम सगळ्यात स्वस्त, आयएसएलचं तिकीट साधारण सिनेमाच्या तिकिटाइतकं. टीव्हीवरचा क्लब फुकट वाटतो, पण वाहिन्यांची वर्गणी आणि चार-पाच हजारांची अस्सल जर्सी धरली तर सगळ्यात महाग तोच पडतो, आणि मैदानावर जायचं म्हटलं तर व्हिसापासून सुरुवात.

मुंबई-ठाण्यात किंवा गोव्यात राहत असाल तर मी फार विचार करू देणार नाही. शहराचा क्लब धरा आणि हवा तर जोडीला युरोपातला एखादा ठेवा. दोन्हींचं भांडण होत नाही. गोव्यात तर गावच्या मैदानावरची मॅचही चुकवू नका, एफसी गोव्याला खेळाडू तिथूनच मिळतात. कोल्हापूरकरांना मी काय सांगणार!

पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगर इथल्यांचं दुखणं खरं आहे. जवळ मोठा क्लब नाही. त्यांनी टीव्हीवरचा क्लब जरूर धरावा, पण कट्टा बघून धरावा. तुमच्या ऑफिसात, सोसायटीत किंवा कॉलेजात चार जण एव्हर्टनचे असतील तर एव्हर्टन धरा. एकट्याने धरलेल्या रेआल माद्रिदपेक्षा ते जास्त वर्षं पुरेल.

परदेशातल्या मराठी घरांना तर माझं सांगणं आणखी सोपं आहे. लंडनमध्ये हाउन्स्लोकडे राहता आणि घरात फक्त युनायटेडचं कौतुक चालतं, तर एकदा ब्रेंटफर्डला जाऊन या. तो क्लब तुमच्याच भागात आहे आणि 2021 पासून प्रीमियर लीगमध्ये खेळतो. तिकीट मिळालं नाही तर खालच्या पातळ्यांवरचा एखादा क्लब चालत जाण्याच्या अंतरावर सापडतोच. जर्मनीत असाल तर क्लबाचे सभासदच व्हा. तिथे थोडे अपवाद सोडले, तर क्लबाच्या कारभारात निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत असा नियम आहे. मुलाला पहिल्या मॅचला न्याल, तेव्हा उभं राहून बघायच्या बाजूचं तिकीट काढू नका. पुढच्या माणसाच्या पाठीशिवाय त्याला काही दिसणार नाही. कडेच्या बसायच्या जागा घ्या आणि अर्धा तास आधी पोचा, म्हणजे सराव करणारे खेळाडू त्याला जवळून बघता येतील.