पीक टाइमला वीज कमी वापरा, पैसे मिळवा: यूकेतल्या स्कीमचा रिव्ह्यू

इंग्लंडात राहणाऱ्यांनो, घरी स्मार्ट मीटर असेल तर ही स्कीम खरंच घ्या. तेव्हा इथलं वीजजाळं चालवणाऱ्या नॅशनल ग्रिडने २०२२ च्या हिवाळ्यात डिमांड फ्लेक्सिबिलिटी सर्व्हिस सुरू केली, म्हणजे आधी मेसेज येतो की उद्या संध्याकाळी अमुक वेळेत वीज कमी वापरा, मग तुमच्या आधीच्या दिवसांच्या त्याच वेळेच्या वापराशी तुलना करून जेवढी वाचली त्याचे पैसे. तेव्हा युनिट साधारण ३४ पेन्सला होतं आणि वाचवलेल्या युनिटला ग्रिड वीज कंपन्यांना तब्बल ३ पाउंड द्यायचं, त्यातला वाटा आपल्याला!

आम्ही काय करायचो तर कुकर आधीच लावून घ्यायचा, चहा थर्मासमध्ये भरून ठेवायचा कारण इथली किटली ३ किलोवॅट खेचते, आणि ड्रायर रात्री. २३ जानेवारी २०२३ ला ग्रिडने ही स्कीम पहिल्यांदा टेस्ट नाही तर खरी गरज म्हणून वापरली, त्या दिवशी कोळशावर चालणारे वीजसंचसुद्धा तयार ठेवले होते, तेव्हा लय भारी वाटलं.

खटकतं ते एवढंच की जे आधीपासूनच काटकसरीने वापरतात त्यांना फार काही मिळत नाही, हा अन्यायच आहे. नंतर रेटही बराच उतरला, तरी मी चालू ठेवलीये.