सानेट्टीवरचा तुराको आणि आमचे २,४८० डॉलर

इथिओपियात पक्षी बघायला जाणार असाल तर कुणालाही आगाऊ पैसे पाठवायच्या आधी हे वाचा.

एका टूरवाल्याला आम्ही आगाऊ पाठवले चौघांचे माणशी ६२० डॉलर, एकूण २,४८०. त्या दिवशीच्या भावाने २,०९,३१२ रुपये, वर बँकेचे १,१८० वेगळे. त्यात फोर-बाय-फोर, ड्रायव्हर, बाले मौंटन्स नॅशनल पार्कचं तिकीट आणि गाइड. आदिस अबाबाच्या विमानतळावर गाडी आलीच नाही, नंबर बंद. असले प्रकार कसे चालतात ते सगळ्यांना माहीत आहे, जास्त सांगत नाही.

डोकं फिरतं ते एका फोटोपायी. व्हॉट्सॲपवर त्या टूरवाल्याने प्रिन्स रुस्पोलीज तुराको या पक्ष्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'सानेट्टी पठार, काल सकाळी.' अहो, सानेट्टी म्हणजे बालेमधलं पठार, चार हजार मीटरवर! तिथे खुरटी झुडपं आणि जायंट लोबेलियाचे खांब, झाडाचं नाव नाही. ब्लू-विंग्ड गूस, रुजेज रेल, स्पॉट-ब्रेस्टेड लॅपविंग हे पक्षी तिथले. तुराको झाडांवर राहणारा, तो खूप खाली दक्षिणेला, नेगेलेच्या बाजूला. फोटो ढापलेलाच होता. कोपऱ्यातलं नाव उडवताना शेपटीचं टोकही कापलं गेलं होतं. शिवाय बाले, नेगेले आणि याबेलोचा बुश-क्रो पक्षी, सगळं चार दिवसांत! एकट्या याबेलोहून आदिसला परतायचं तरी साडेपाचशे किलोमीटर.

मग पैसे दिलेच कसे, असं विचाराल. माणूस पक्क्या पक्षीवाल्यासारखा बोलत होता. दिन्शोच्या जुनिपरमध्ये दिवसा घुबडं कुठे बसतात, हॅरेनाच्या जंगलात कुठे थांबायचं, सगळं बिनचूक. इतर पक्षीवाल्यांनी लिहिलेले ट्रिप रिपोर्ट पाठ केले की एवढं कुणालाही जमतं. पार्कची पावतीसुद्धा दिली होती, शिक्क्यासकट. तिकीट दिन्शोच्या मुख्यालयात स्वतः जाऊन काढायचं असतं, गाइडही तिथेच ठरवता येतो. घरबसल्या आलेली पावती रद्दीत टाका.

पैसे मागितले ते तिसऱ्याच देशातल्या, तिसऱ्याच नावाच्या खात्यावर. इथेच थांबायचं. बँकेने परदेशी पैसे पाठवायच्या ए-टू फॉर्मवर सही घेताना चकार शब्द काढला नाही आणि आता म्हणते, समोरच्याने संमती दिली तरच रक्कम परत. चोर संमती देणार? सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तासभर ताटकळल्यावर उत्तर आलं, 'खातं परदेशातलं आहे, आमच्या हातात नाही.' पोलीस ठाण्यात तर म्हणे, गुन्हा इथिओपियात घडला, तिकडे तक्रार द्या. पैसे गेले आमच्या गल्लीतल्या शाखेतून! हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ छापून पुढे ठेवा; गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असं ते सांगतं. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा.

आमचा अर्ज अजून 'चौकशीवर' आहे. ठाण्यातल्या साहेबांनी एवढंच विचारलं, 'पक्षी बघायला दोन लाख?'