मार्टिनी-हेन्रीच्या साच्यापायी ८०४ डॉलर गेले, तुमचे जाऊ देऊ नका

गोळ्या ओतायच्या साच्याच्या खोट्या जाहिरातीत फसलो, एकूण ८०४ डॉलर. आधी ६२४, मग वर १८०. आकडे सुरुवातीलाच देतोय, कारण प्रत्येक जण आधी तेच विचारतो आणि दर वेळी तोंडाने सांगताना लाज वाटते. अमेरिकेत राहून जुन्या लष्करी रायफली चालवणारे मराठी लोक थोडेच असतील, पण आहेत. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

माझ्याकडे मार्टिनी-हेन्री आहे. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये लष्करात घेतलेली रायफल. काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातला शस्त्रसाठा २००३ मध्ये विकला गेला, त्यातून ज्या इकडे आल्या त्यांतलीच ही एक. तिचं काडतूस साध्या दुकानात मिळत नाही. २४ गेजचं पितळी शॉटगन काडतूस घेऊन, त्याची मान आवळून, लांबी कापून केस, म्हणजे काडतुसाचं कवच, बनवावी लागते. गोळी शिसं आणि कथील वितळवून घरी ओतावी लागते. त्यामुळे चांगला साचा आणि तयार केस एकाच माणसाकडे दिसल्या की आमच्यासारख्याचा जीव वर-खाली होतो. त्यात ते २०२१ साल. प्रायमरची, म्हणजे काडतुसातली दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांची, फळी दुकानादुकानांत रिकामी पडलेली. त्या वर्षी प्रायमर शोधत जो फिरलाच नाही, त्याने मला 'इतका कसा भुललास' म्हणून विचारू नये.

जाहिरातीत चार वस्तू होत्या. साचा १४५ डॉलर. तयार केलेल्या ४० केस, साडेसहाप्रमाणे २६० डॉलर. हजार प्रायमर ८९ डॉलर. पाच पौंड बंदुकीची काळी दारू १३० डॉलर. बेरीज ६२४. स्वस्ताच्या लोभाने गेलो असं कुणी म्हणू नये. किंमत वाजवी होती, चार ठिकाणी ताडून पाहिली होती. हे ठग आता फुकटात माल देऊ करत नाहीत, बाजारभावापेक्षा किंचित कमी लावतात. संशयाला जागाच ठेवत नाहीत.

जागा होती, आणि ती मला दिसली होती. तिथेच मन अजून अडकतं.

मी विकणाऱ्याला विचारलं, साच्यातून पडलेल्या गोळीचा व्यास किती भरतो? उत्तर आलं, "सर, ४५०, परफेक्ट फिट." या रायफलीच्या काडतुसाच्या नावात ४५० (म्हणजे .४५० इंच) येतं, पण तो आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पीळदार खाचा, सोडून नळीचा व्यास. आट्यांच्या तळापासून मोजलं की जास्त भरतो. मी माझ्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा ठोकून काढला होता, तो मायक्रोमीटरमध्ये .४६६ इंच भरला. म्हणजे ग्रीज लावून मारायची गोळी .४६८ च्या आसपास हवी. .४५० ची गोळी आटे पकडत नाही, डगमगत जाते आणि निशाणाच्या कागदावर आडवी आपटते. ही रायफल खरोखर चालवणारा माणूस असं उत्तर देणारच नाही.

पण माझ्याही बाजूने एक मुद्दा आहे. मूळची लष्करी गोळी वजनाने ४८० ग्रेनची, अंगाने गुळगुळीत आणि कागदात गुंडाळलेली असायची. कागदाच्या आतलं शिसं बारीकच ठेवतात. मी त्याचं उत्तर मनातल्या मनात सावरून घेतलं, हा कागदी गोळीचा साचा असणार म्हणून. आणि त्याच वेळी, त्याच पडद्यावर, फोटोत साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांमध्ये गोळीवर ग्रीजचे चर पाडणाऱ्या तीन-तीन कडा स्वच्छ दिसत होत्या! कागदी गोळीला ग्रीजचे चर नसतात. दोन्ही गोष्टी एकाखाली एक, डोळ्यांसमोर. विचारणारा मी, उत्तर वाचणारा मी, आणि त्याच्या खोटेपणाला कारण शोधून देणाराही मीच. ज्याला विषय येतो त्याचा हाच घात होतो, समोरच्याच्या अज्ञानाला तो स्वतःच अर्थ लावून देतो.

दुसरी खूण याहून ढळढळीत. प्रायमर आणि काळी दारू अमेरिकेत पोस्टाने पाठवता येत नाही. खाजगी वाहतूक कंपनीकडून, धोकादायक मालाचं वेगळं शुल्क भरून, रस्त्याने येते. याने लिहिलं होतं, "पोस्टाने, मोफत." शुल्क वाचलं म्हणून मला बरं वाटलं. कुणी दारू किंवा प्रायमर त्या शुल्काशिवाय द्यायला तयार असेल, तर तिथल्या तिथे बोलणं बंद करा. पुढचं काही वाचूही नका.

पैसे मी बँकेच्या ॲपमधून थेट पाठवले. कार्ड चालत नाही, बंदुकीच्या सामानाला कार्डवाले त्रास देतात, असं तो म्हणाला, आणि ते सर्रास ऐकू येत असल्याने मला पटलं. दोन दिवसांनी 'परत मिळणारा विमा' म्हणून १८० मागितले. तेही दिले. ६२४ अडकलेले असताना माणूस १८० साठी मागे फिरत नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. नंतर 'परवाना शुल्क' म्हणून ३५० मागितले, तेव्हा मी थांबलो.

आणि मग पार्सल 'पोहोचलं'. माझ्याच पिनकोडात, दुसऱ्याच कुणाच्या तरी दारात. ट्रॅकिंग नंबर खरा, पार्सल भलतंच.

बँकेचं म्हणणं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरी झालेली नाही. शिवाय माल पोहोचल्याची नोंद आहे. मी पोस्टात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी संगणकात बघून सांगितलं की त्या पाकिटाचं वजन एक औंस होतं. एक औंस! नुसता लोखंडी साचाच त्याच्या कितीतरी पट. मी म्हणालो, हेच मला लिहून द्या. नाही म्हणाल्या, पत्ता तुमचा नाही, नोंद तुम्हाला देता येणार नाही. पत्ता माझा नाही, हीच तर माझी तक्रार! बँकेला सांगितलं तर म्हणे लेखी आणा. पोस्ट म्हणतं पोलिसांकडून पत्र आणा.

पोलिसांकडे तर फसवणूक बाजूलाच राहिली. साचा, दारू, प्रायमर हे शब्द ऐकताच समोरच्या अधिकाऱ्याने माझं लायसन्स मागून घेतलं आणि घरात दारू किती आहे, रायफल नोंदवलेली आहे का, हे विचारायला लागला. १८९८ पर्यंत बनलेली बंदूक केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात 'अँटिक' धरतात, हे मी त्याला समजावत बसलो. माझे उच्चार ऐकून तो तीच वाक्यं पुन्हा म्हणायला लावत होता. पैसे माझे गेले आणि जबाबही माझाच. शेवटी एक केस नंबर मिळाला. तो घेऊन पोस्टात गेलो तर म्हणाले, नंबर नको, पत्र हवं. सायबर तक्रारीच्या सरकारी पोर्टलवर सगळं भरलं, पडद्यांचे फोटो जोडले, बँक खात्यावरचं नाव दिलं. आपोआप येणारी पोच आली, पुढे काही नाही. खातं कुणाच्या नावावर आहे हे बँकेला माहीत, पाकीट कुठून टाकलं हे पोस्टाला माहीत, आणि यांतलं एकही कार्यालय दुसऱ्याला फोन करायला तयार नाही. ८०४ डॉलर ही त्यांच्या लेखी तपास करण्याइतकी रक्कमच नाही. हे तो चोरही जाणतो, म्हणून तो कुणाकडूनही पाच हजार मागत नाही.

साचा घेणार असाल तर विकणाऱ्याकडून ओतलेल्या गोळीचा फोटो मागवा, मायक्रोमीटरच्या जबड्यात धरलेली, शेजारी आजची तारीख हाताने लिहिलेला कागद. खऱ्या माणसाला हे पाच मिनिटांचं काम आहे. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर उलटा शोधून पाहा, म्हणजे तोच फोटो आणखी कुठे आहे ते कळतं. मी पैसे गेल्यावर शोधला. एका जुन्या लिलावात कधीच विकल्या गेलेल्या साच्याचा निघाला. डाव्या लाकडी मुठीवर बिजागरीजवळ टवका उडालेला आहे आणि टवक्यापासून खाली एक बारीक चीर गेली आहे. ती मूठ नीट लक्षात ठेवा. क्रेडिट कार्ड नाही म्हणाला तर व्यवहार नाही. बंदुकीच्या सामानाला कार्ड चालत नाही ही सबब आहे, मोठे विक्रेते रोज कार्ड घेतात. 'पोहोचलं' अशी नोंद दिसली तर त्याच दिवशी पोस्टात जा, वजन विचारा, आणि सांगणाऱ्याचं नाव व वेळ लिहून ठेवा.

तोच फोटो परवा पुन्हा दिसला. विकणाऱ्याचं नाव वेगळं, किंमत १५५ डॉलर, खाली 'पोस्टाने, मोफत'. मी जाहिरातीच्या साइटकडे तक्रार केली. नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, असं उत्तर आलं. जाहिरात अजून तिथेच आहे.