‘झालंय’ म्हणाला की ‘होईल’? एस्टॉपेलचा कोणता आधार घ्यावा

करारावर दोघांच्या सह्या झालेल्या नाहीत, पण समोरच्याच्या भरवशावर तुमचे पैसे खर्च होऊन बसलेत आणि आता तो हात वर करतोय. अशा वेळी कामी येतं एस्टॉपेल, म्हणजे ज्याच्या शब्दावर दुसरा विसंबला त्याला शब्द फिरवू न देणारं तत्त्व. कोर्टात कॉमन लॉचं (इंग्लिश न्यायालयांच्या निकालांतून घडलेल्या कायद्याचं) एस्टॉपेल मांडायचं की इक्विटीचं (त्याच्या जोडीला न्यायबुद्धीवर उभ्या राहिलेल्या नियमांचं), हे ठरवण्याआधी समोरच्याचे नेमके शब्द आठवा. ‘झालंय’ म्हणाला होता, की ‘होईल’?

कॉमन लॉला ‘झालंय’, म्हणजे आधीच घडलेल्या गोष्टीबद्दलचं विधान लागतं. जॉर्डन विरुद्ध मनी (१८५४) या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने) ते पक्कं केलं. ‘होईल’ला, म्हणजे पुढच्या वचनाला, आधार देते ती इक्विटी.

दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे तर ऑस्ट्रेलियातला वॉल्टन्स स्टोअर्स विरुद्ध माहर (१९८८) वाचाच. नाउरा गावातल्या माहर दांपत्याने जुनी इमारत पाडून वॉल्टन्स या दुकानांच्या कंपनीला हवी तशी नवी बांधायची आणि भाड्याने द्यायची, असं बोलणं झालं. माहर यांनी सही केलेले कागद ११ नोव्हेंबर १९८३ ला पाठवले. तिकडे वॉल्टन्सचं मन फिरत होतं. पाडकाम सुरू झाल्याचं डिसेंबरमध्ये कळूनही ते गप्प राहिले. १९ जानेवारीला नकार कळवला, तोवर नवं बांधकाम ४० टक्के झालं होतं!

पाचही न्यायाधीशांनी कौल माहर यांनाच दिला, पण वाटा वेगळ्या. करार झालाच आहे असं माहर धरून चालले होते, म्हणून कॉमन लॉ पुरतो, असं डीन आणि गॉड्रन यांचं मत. मेसन आणि विल्सन यांना दिसलं ते ‘करार होईलच’ हे गृहीतक, म्हणून इक्विटी. ब्रेननही इक्विटीकडेच गेले.

मला इक्विटीची वाट जवळची वाटते, कारण त्या गप्प बसण्यातला अन्याय ती थेट पाहते. मात्र पदरात काय पडेल ते बघा. कॉमन लॉत गृहीत धरलेली गोष्ट खरी मानून हक्क ठरतात. इक्विटी अन्याय दूर होण्यापुरतंच देते, असं ब्रेनन यांनी बजावलंय.

भारतात कॉमन लॉच्या प्रकारासाठी पुरावा कायद्याचं कलम ११५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं १२१. प्रॉमिसरी, म्हणजे वचनावर आधारलेल्या, एस्टॉपेलवर दावाही उभा राहतो, हे मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या निकालाने मान्य केलं. इंग्लंडमध्ये कोंब विरुद्ध कोंब (१९५१) पासून ते बचावाची ढालच.

शब्द संदिग्ध असतील तर दोन्ही मुद्दे पर्यायी म्हणून मांडा. आणि तुमचा खर्च चालू असल्याचं त्याला कोणत्या तारखेला कळलं, याचा कागद आधी शोधा.